म्हाळूच्या कुंपणाचं तेल

आमच्या न्हावऱ्यात देशाची काळजी करणारी माणसं पुष्कळ, पण ती सगळी निवडणुकीपुरती. बारमाही काळजी करणारा एकच निघाला, म्हाळू कोकरे. त्याची काळजीही काही गटारीची नाही की दिव्याच्या खांबाची नाही. देशातलं डिझेल कधी संपणार आणि कोळसा कुठवर पुरणार, या विचाराने तो वाळत चालला होता. तशी वाळायला त्याच्या अंगावर जागा नव्हतीच म्हणा. मुळात काठीसारखा माणूस, त्यावर लाल पागोटं. लांबून बघितलं तर कुणी आगकाडी उभी केलीय असं वाटायचं.

म्हाळू धनगराचा. त्याचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, पावसाळ्याला माघारी यायचा. म्हाळूचं लहानपण असं चालण्यात गेलं. पुढे कालव्याचं पाणी आलं आणि त्याने न्हावऱ्याच्या शिवारात ऊस-कांदा धरला. थोडी मेंढरं मात्र ठेवली. घोंगडी विणायचा मागही ठेवला. मी शाळेत सातवीपर्यंत गेलो, तो पहिलीच्या दारापर्यंत. तरी आमची दोस्ती अशी की त्याला शिंक आली तर रुमाल मी काढायचा.

ही देशाची काळजी त्याला लागली कुठे, तर शाळेच्या व्हरांड्यात. पुण्याहून एक साहेब आले होते. चांगला माणूस, आमच्यासारखाच चहा बशीत ओतून प्यायला. त्यांनी समजावून सांगितलं की, कोट्यवधी वर्षांपूर्वी जे जीव आणि जी झाडंझुडपं जमिनीत गाडली गेली, त्यांचं झालं तेल आणि त्यांचाच झाला कोळसा. आपल्या देशाला शंभर घागरी तेल लागत असेल तर त्यातल्या सत्तर बाहेरून आणाव्या लागतात. पुढे गाड्या वाढणार, मोटारी वाढणार, घरोघर फ्रीज येणार, तेव्हा करायचं काय?

म्हाळू उभा राहिला.

"सायेब, आपून आज झाडं गाडली तर त्याचं त्याल कवा व्हईल?"

"कोटी-दोन कोटी वर्षांनी होईल, बाबा."

"मंग बसलाय काय? आजच गाडाया लागू की!"

व्हरांडा असा हसला की कौलावरची कबुतरं उडाली. साहेबही हसले. म्हाळू मात्र हसला नाही. तो खरंच विचारत होता.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघं दौंडला गेलो. त्याला कोकरं विकायची होती आणि मला नुसतं जायचं होतं. काम उरकून स्टेशनवर पुलावर उभे होतो तर खालून कोळशाची मालगाडी आली. संपता संपेना. ती थांबली तसा म्हाळू खाली धावला आणि मागच्या डब्यातल्या गार्डाला गाठून म्हणाला, "दादा, एवढा कोळसा म्हंजी पाच-धा वर्सं तरी पुरंल न्हवं?"

गार्ड म्हणाला, "कुठली वर्षं, मामा! एक मोठं वीजघर एवढी गाडी सकाळी खायला लागलं तर संध्याकाळपर्यंत फस्त."

म्हाळू तिथेच मटकन बसला. मला वाटलं ऊन लागलं. मी केळं सोलून दिलं तर हातात धरून नुसता बघत राहिला. परतीच्या एसटीत घोडनदीकडच्या फाट्यापर्यंत तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मग एकदम माझी मांडी दाबली.

"आप्पा, मेंढीची लोकर कापली तर फिरून येती का न्हाई?"

"येते."

"आन् मेंढीच कापली तर?"

"मग कुठली येते? मटण खायचं आणि हात धुवायचे."

"तेच! अख्खा देश मेंढ्या कापून खातोय आप्पा, लोकर कुणी कातरतच न्हाई!"

पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, "आवं, कुणाच्या लग्नात कापल्या?" पण मला ते एकदम पटलं. जमिनीतलं काढून जाळलं म्हणजे मेंढी गेली. दरसाल उगवतं ते जाळलं म्हणजे लोकर कातरली. एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं. आजही कुठे ऊर्जेवर भाषण असलं की मी मनात मेंढ्या मोजतो.

तेव्हापासून म्हाळूने गावाला सळो की पळो करून सोडलं. स्टँडवर एसटी उभी असली आणि ड्रायव्हर गाडी चालू ठेवून चहाला गेला, की हा काच वाजवायचा, "बंद करा ती! देश मोकळा व्हतोय!" कुणी पोरगा पानाच्या टपरीपर्यंत बाइकवर निघाला की त्याच्या सीटला लोंबायचा. सोजरबाई, म्हणजे त्याची बायको, जिभेने तिखट. ती म्हणायची, "आमच्या ह्यांनी देशाची चूल सांबाळायला घेतलीया. घरची मी एकलीच फुकती."

पण उगवणारं तेल आणायचं कुठून? ते म्हाळूला त्याच्याच दारात सापडलं.

धनगराच्या वाड्याला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जागेला, मोगली एरंडाचं कुंपण असतं. कारण साधं आहे, मेंढरू त्याला तोंड लावत नाही. त्याच्या बिया विषारी. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. लहानपणी मी पैजेवर दोन बिया खाल्ल्या होत्या आणि पुढचा सबंध दिवस आमच्या उसाने मला फार जवळून बघितलं. तर त्या साहेबांनीच जाता जाता सांगितलं होतं की याच बियांच्या तेलावर डिझेलचं इंजिन चालू शकतं. म्हाळू कुंपणाकडे असा बघायला लागला जसा नवरदेव पहिल्यांदा नवरीकडे बघतो.

थंडीभर त्याने आपल्या आणि सगळ्या वाडीच्या कुंपणांच्या बिया वेचल्या. तेलाच्या घाण्यावर गेला तर घाणेवाल्याने हात जोडले, "मी शेंगदाणा गाळतो बाबा. तुझ्या बियांनी गावाला हगवण लावायची का?" घरच्या उखळाकडे गेला तर सोजरबाई मुसळ घेऊन आडवी आली. शेवटी गॅरेजवाला विनोद मदतीला आला. विनोद बौद्धवाड्यातला, रांजणगावच्या कारखान्यात फिटर होता, ते सोडून स्टँडवर स्वतःचं दुकान टाकलेलं. त्याने ट्रकचा जॅक, लोखंडी नळा आणि भोकं पाडलेली पत्र्याची डबडी यांतून असं एक यंत्र उभं केलं की जॅक पिळला की खालून पिवळं तेल ठिबकायचं. पहिलं तेल पणतीत घालून म्हाळूने खंडोबापुढे लावलं. खंडोबाला काही झालं नाही. मग त्याची छाती फुगली.

"पोरीच्या लग्नाचा ट्रॅक्टर ह्याच तेलावर!" त्याने जाहीर केलं.

पोरगी प्रगती, बारावी झालेली. स्थळ केडगावजवळचं. मुलगा बिरदेव, दौंडला रेल्वेत खलाशी. बिरदेवाचे वडील सोपानराव, मोठं हसणारं आणि मोठं बोलणारं माणूस. लग्न त्यांच्याच दारात ठरलं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, आणि तो त्या हंगामातला शेवटचा. दुसऱ्या दिवसापासून धोंड्याचा महिना, त्यात लग्न लागत नाही. सोपानराव सुपारी फोडायला आले तेव्हा म्हाळूचं तेल हुंगून म्हणाले, "व्याही, कुंपणावर ट्रॅक्टर चालला, तर आमच्या बांधावर विमान उतरंल!"

प्रगती म्हणाली, "आबा, निदान माझ्या लग्नात तरी देश बाजूला ठेवा. वऱ्हाडाला टेंपो सांगा." बापाचं मन, म्हाळूने टेंपो सांगितला. तेलाचा कॅन कोपऱ्यात ठेवून दिला. मलाच वाईट वाटलं.

पण बघा गंमत! लग्नाला दोन दिवस असताना आमच्या भागातल्या टँकरवाल्यांचं काही तरी बिनसलं आणि पंप कोरडे पडले. न्हावऱ्यात पंपाला दोरी बांधली, पारगावात दोरी, केडगावच्या चौफुल्यावर दोरी. टेंपोवाल्याने फोन केला, "टाकीत वासपण न्हाई." एसटीच्या फेऱ्या रद्द. वऱ्हाड पन्नासाच्या वर, वाट तीस किलोमीटर, डोक्यावर मे महिन्याचं ऊन आणि मुहूर्त हुकला तर धोंड्याचा अख्खा महिना पोरगी हळद लावून घरात. प्रगतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तिच्या बापाच्या डोळ्यांत जी चमक आली, ती बघून सोजरबाईने कपाळावर हात मारला.

"आवं, पोरगी रडतीया आन् तुमी हसताय काय?"

"सोजर, येळ आली!"

ट्रॅक्टर माझा. जुना, दोन घरं फिरून माझ्याकडे आलेला. आमच्या घरातून विरोध झाला, तो मी ऐकला नाही, कारण मी घरी विचारलंच नव्हतं. विनोदने रात्रंदिवस एक केला. तेल घट्ट असतं, तापलं की पातळ होतं, म्हणून त्याने तेलाची तांब्याची नळी सायलेन्सरला गुंडाळून मग इंजिनात नेली. "थंड मशीन ह्याच्यावर उठणार नाही, मामा," तो म्हणाला, "बाटलीभर डिझेल माझ्याकडं आहे, त्याच्यावर उठवू. गरम झालं की कॉक फिरवून तुमचं तेल सोडू."

"माझं न्हवं, देशाचं," म्हाळू म्हणाला.

सकाळी ट्रॉलीत गवताचा पेंढा, त्यावर सतरंज्या, त्यावर वऱ्हाड. मधोमध नवरी. तिच्या शेजारी म्हाळूची आई अनसाबाई आपलं जुनं घोंगडं चौघडी करून त्यावर राणीसारखी बसलेली. मागे ढोलवाले. मी स्टिअरिंगवर, विनोद एका मडगार्डवर, म्हाळू दुसऱ्यावर. बाटलीभर डिझेलवर ट्रॅक्टर उठला. गाव ओलांडलं आणि विनोदने कॉक फिरवला.

ट्रॅक्टर खोकला. पुन्हा खोकला. मग असा खणखणीत आवाज धरला की काय सांगू! आणि वास? मागून सगळ्या रस्त्यावर भजी तळल्याचा वास! ढोल सुरू झाले. बाया गायला लागल्या. वाटेतल्या वस्तीवरची पोरं "भजी! भजी!" करत मागे धावली. म्हाळू मडगार्डवर उभा राहून दोन्ही हातांनी पागोटं हवेत फिरवत होता. "आप्पा, लोकर! ही लोकर!" मी म्हणालो, "खाली बस, नाहीतर लग्नाआधी तेरावा घालावा लागेल." पण खरं सांगतो, मलाही उभं राहावंसं वाटत होतं. स्टिअरिंग होतं म्हणून राहिलो.

पारगावच्या अलीकडे ट्रॅक्टरचा दम कमी व्हायला लागला. भीमेच्या पुलावर आलो आणि बरोबर मधोमध तो हळूच, देवळात बसावं तसा, बसला.

ढोल थांबले. खाली नदीत थोडं पाणी, वर आभाळ पांढरं. प्रगतीने एकदा बापाकडे बघितलं, एकदा डोक्यावरच्या उन्हाकडे. सोजरबाई म्हणाली, "आता देशाला म्हणावं, ढकल मागनं!"

विनोदने फिल्टर उघडला. आत लापशी! पिवळट, चिकट, गाळाचा थर. त्याने बोटावर घेऊन चोळलं. "मामा, तेल गाळलं कशातनं तुम्ही?"

"घोंगड्यातनं. दुसरं काय हाय धनगराकडं?"

"कुठल्या घोंगड्यातनं?"

"नव्या! कोऱ्या करकरीत! देशाच्या तेलाला जुनेर वापरू व्हय?" आणि एवढं बोलून म्हाळूचा जबडा तसाच उघडा राहिला.

आता हे मला त्या दिवशी कळलं, तुम्हालाही सांगतो. घोंगडी विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, दळायचे, शिजवायचे आणि ती खळ सुतावर घासायची. त्याने सूत ताठ राहतं. नवं घोंगडं उभं केलं तर पत्र्यासारखं उभं राहतं ते त्या खळीमुळे. वापरून, धुऊन, पाऊस खाऊन ती खळ जाते. म्हाळूने मानाचं म्हणून कोरं घोंगडं घेतलं, वरून गाळताना हाताने खसाखसा चोळलं, आणि खळीची सगळी पूड तेलात उतरली. आयुष्यभर घोंगडी विणणारा माणूस! कुणा दुसऱ्याने केलं असतं तर याने त्याची गावभर चेष्टा केली असती. पण मानाच्या भरात माणूस स्वतःच्याच मागाला विसरतो.

"उरलेलं तेल फिरून गाळायला पाहिजे," विनोद म्हणाला. "जुनं, धुतलेलं घोंगडं आहे का कुणाकडं?"

सगळ्या वऱ्हाडाच्या माना एकदम एकीकडे वळल्या. अनसाबाईने घोंगड्याची टोकं दोन्ही मुठींत धरली.

"न्हाई."

"आये," म्हाळू ट्रॉलीला लोंबत म्हणाला, "निस्तं गाळायला."

"माझ्या सासऱ्यानं दिल्यालं हाय. ह्याच्यावर तू जलामलास."

"मंग माझंच हाय की ते! आये, देशासाठी दे."

"देश? त्यो कुठं बसलाय? त्याला म्हणावं सवताचं घोंगडं आण."

"आये, घड्याळ बघ."

"मला येत न्हाई बघाया."

तेव्हा प्रगती उठली. मुंडावळ्या एका हाताने सावरून ती आजीसमोर बसली आणि म्हणाली, "आजी, मला आजच जायचंय गं."

एवढंच. म्हातारीने नातीकडे बघितलं. तोंडाला लागलेली हळद घामाने ओघळलेली. मग म्हातारी तिच्या हाताला धरून उठली, घोंगडं झटकलं आणि म्हाळूच्या अंगावर फेकलं.

"देशाला देत न्हाई, सांगून ठिवते. पोरीला देते."

पुढचं दृश्य मी मेलो तरी विसरणार नाही. भीमेच्या पुलावर चार बायांनी घोंगड्याची चार टोकं धरलीत. नवरी वरून बेताने तेल ओततीय, म्हाळू खाली कॅन धरून उकिडवा, आणि "चोळू नगा! कुणी हात लावू नगा!" म्हणून ओरडतोय. विनोद फिल्टर पेट्रोलच्या चार थेंबांनी धुतोय, ते पेट्रोल एका बाइकवाल्याने बाइक आडवी करून दिलं. ढोलवाल्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी ढोल वाजवायला घेतले. तेल ठिबकायला लागलं. स्वच्छ, मधासारखं. अनसाबाई पुलाच्या कठड्याला टेकून लेकाला म्हणाली, "कातरायला शिकलास, वापरायला कवा शिकणार?"

विनोदने पंपाने इंजिनातली हवा काढली. मशीन अजून तापलेलं होतं. मी चावी फिरवली आणि मनात खंडोबाला नारळ बोललो. एका फटक्यात उठला! पुलावर जो कल्ला झाला, तो ऐकून खाली नदीतल्या म्हशी पाण्याबाहेर आल्या.

त्यापुढे मी ट्रॅक्टर कसा हाकला ते विचारू नका. चौफुल्यावर लोक घरांतून बाहेर आले, ते भज्यांच्या वासाने. सोपानरावांच्या मांडवात भटजी घड्याळ काढून बसलेले. सोपानराव फाट्याकडे तोंड करून उभे, तोंडचं हसू गेलेलं. आधी ढोल ऐकू आले, मग वास आला, मग आम्ही आलो. खाली उतरायला वेळ नव्हता. प्रगतीला तिच्या मामाने ट्रॉलीतून उचलून थेट पाटावर ठेवलं. अंतरपाट धरला. मुहूर्ताला नखभर वेळ उरला होता. म्हाळूचे हात तेलाने माखलेले, अक्षता टाकायला गेला तर सगळ्या त्याच्याच बोटांना चिकटल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो हात झटकत होता आणि रडत होता आणि हसत होता.

जेवणं झाली. सोपानराव ट्रॅक्टरभोवती तीन फेऱ्या मारून आले आणि म्हाळूला कडकडून मिठी मारली. नवा सदरा तेलकट झाला, त्याचंही काही नाही.

"व्याही, मानलं! आता परत जायचं तेल कुठं ठिवलंय?"

म्हाळूने कॅन उचलला. उलटा केला. झाकण काढून डोळा लावला. मी म्हणालो, "किती बिया होत्या रे?" तो म्हणाला, "अख्ख्या वाडीच्या." म्हणजे बघा, सगळ्या वाडीचं वर्षाचं कुंपण, आणि एका लग्नाचं नुसतं जाणं! येणं त्यात बसलंच नाही.

मला वाटलं हा आता दौंडच्या स्टेशनासारखा मटकन बसणार. पण लेक वेळेवर पोचली होती, त्याला आता कशाचीच भीती नव्हती. तो कॅनवर ताल धरून हसायला लागला. "आप्पा, माझं चुकलं. एका मेंढीच्या लोकरीत गावाची घोंगडी व्हत न्हाईत. कळप पायजे, कळप! कुंपणाचं तेल ही एक मेंढी. शेणाचा गॅस एक, ऊन एक, वारा एक. समदी राखायची, समदी थोडी थोडी कातरायची."

"आन् तवर?" सोपानराव म्हणाले.

"तवर चालायचं! आमच्या बापजाद्यांनी कोकण गाठलं ते काय टाकी भरून?"

वऱ्हाड त्या रात्री सोपानरावांकडेच राहिलं. त्यांच्या पिठाची पोती कशी संपली ती हकीकत वेगळी आहे. पहाटे गारव्याला आम्ही चालत निघालो. म्हातारी तेवढी शेजाऱ्याच्या बैलगाडीत, तेलकट घोंगड्यावर बसून, "वास येतोय" म्हणून कुरकुरत आणि तरी ते सोडायला तयार नाही. प्रगती आणि बिरदेव निरोप द्यायला बाहेर आले. माझा ट्रॅक्टर मांडवाच्या दाराशी तसाच उभा होता, त्याच्या नाकावर कुणीतरी हळदीकुंकू लावलेलं.

"आप्पा," म्हाळू म्हणाला, "तुजा ट्रॅक्टर ऱ्हायला की."

मी मागे वळून बघितलं. प्रगती त्या नाकाला हात लावून उभी होती.

"राहू दे," मी म्हणालो. "सासरी पहिले काही दिवस माहेरचं कुणीतरी जवळ असलेलं बरं."